वयस्कर आईचे पाणी: किती, केव्हा, आणि ती टाळते तरी का?

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या आई ७६ वर्षांच्या असून सोलापुरातील एका जुन्या पेठेतल्या घरात राहतात. त्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात, आणि दिवसभरात दोन-तीन पेल्यांपलीकडे त्या पाणी घेत नाहीत. मागच्या एप्रिलमध्ये त्या चक्कर येऊन पडल्या आणि सलाईन लावावे लागले. आता उन्हाळा पुन्हा तोंडावर आला आहे. पुण्याला असलेले आपले बंधू रोज ४ लिटर पाणी पाजा असे फोनवरून सांगतात, तर आईंच्या पायांवरची सूज पाहून शेजारी पाणी कमी करा म्हणतात. सारखे ‘पाणी पी, पाणी पी’ म्हटले की आई रागावतात. अशा वेळी आपण नेमके काय करावे?

सोलापुरात फिजिशियन म्हणून काम करताना माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांत वयस्करांचे प्रमाण मोठे आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंबातून येतो. बहुतेक जण पहिल्यांदा ‘किती लिटर’ असे विचारतात. मी मात्र आधी ‘पाणी का घेत नाहीत’ असे विचारते, कारण त्याचे खरे उत्तर मिळाल्याशिवाय लिटरचा आकडा सांगून उपयोग होत नाही.

या ‘का’ला दोन बाजू आहेत. पहिली शरीराची आहे. तरुण पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. वय वाढते तसे स्नायू कमी होतात आणि स्नायूंत साठणारे पाणीही त्यांच्याबरोबर कमी होते, त्यामुळे वृद्धापकाळी हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येते आणि स्त्रियांमध्ये त्याहूनही थोडे कमी असते. म्हणजे मुळातच शिल्लक कमी. त्यातच मूत्रपिंडांची लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याची क्षमता घटते, आणि रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढले की मेंदू जी तहानेची सूचना देतो ती उशिरा आणि मंद येते. त्यामुळे ‘मला तहानच लागत नाही’ असे आई म्हणतात तेव्हा त्या खोटे बोलत नसतात किंवा हट्टही करत नसतात. त्यांना खरोखरच तहान लागत नाही. तहान लागेल तेव्हा पाणी पिईन, हा नियम पन्नाशीपर्यंत चालतो. सत्तरीनंतर त्याच्यावर विसंबता येत नाही.

दुसरी बाजू वागण्याची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची. आपल्याकडच्या वृद्ध स्त्रिया पाणी टाळतात याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे त्यांना लघवीला जाणे टाळायचे असते. गुडघे धरलेले, संडास-मोरी घराच्या मागच्या बाजूला, मध्ये एखादी उंच पायरी, आत भारतीय पद्धतीचे भांडे, खाली बसले तर उठताना आधाराला भिंतीशिवाय काही नाही. अशा स्थितीत पाणी कमी पिणे हा त्यांनी स्वतःपुरता शोधलेला अगदी तर्कशुद्ध उपाय असतो. कधी पोहोचेपर्यंत थांबवत नाही आणि कपडे ओले होतात, पण ही गोष्ट त्या मुलाला कधीच सांगत नाहीत आणि सुनेलाही सहसा सांगत नाहीत. पूर्व भागातल्या ज्या स्त्रियांनी तीस-चाळीस वर्षे मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, त्यांच्यात तर ही सवय फार खोल रुजलेली दिसते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे उठलेला प्रत्येक वेळ पैशांत मोजला जायचा आणि सकाळी बसताना पाणी न पिणे हा कामाचाच भाग होता. काम सुटले तरी सवय सुटत नाही. शिवाय १९७२ चा दुष्काळ ऐन तारुण्यात पाहिलेली ही पिढी आहे. शहराच्या बऱ्याच भागांत आजही नळाला रोज पाणी येत नाही, आणि पाणी आले नाही की घरात सर्वांत आधी आपला वापर कमी करणारी व्यक्ती बहुधा आजीच असते.

म्हणून पाण्याचे वेळापत्रक आखण्याआधी आईंचा संडासपर्यंतचा रस्ता पाहा. भारतीय भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची वैद्यकीय साहित्याच्या दुकानात मिळते. भिंतीला दोन दांड्या बसवून घ्या. त्यातली एक बसल्यावर हाताशी येईल अशी आणि दुसरी उठताना धरता येईल अशी असावी. रात्रभर जळणारा लहान दिवा, कोरडी आणि न घसरणारी फरशी, वाटेतली पायपुसणी काढून टाकणे, ही कामे एका रविवारात होतात. मागच्या अंगणापर्यंत जाणे शक्यच नसेल तर रात्रीपुरती कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही. आईंना लाज वाटेल, पण पडदा लावला आणि साफसफाई कोण करणार हे आधी ठरवले तर बहुतेक जणी आठवड्याभरात रुळतात. लघवीची घाई होणे, थेंब थेंब होणे, रात्री चार-पाच वेळा उठावे लागणे याला वय झाले म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, बद्धकोष्ठता किंवा पुरुषांमध्ये प्रोस्टेटची वाढ असू शकते आणि या सर्वांवर उपचार आहेत. हे खाजगीत आणि सरळ शब्दांत विचारावे लागते. मी नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवून विचारते, तेव्हा खरी हकिगत कळते.

रात्रीच्या भीतीवर एक सोपा तोडगा आहे. दिवसभराच्या पाण्याचा मोठा भाग संध्याकाळी सहापर्यंत पोटात जाईल अशी आखणी करावी आणि त्यानंतर जेवणाबरोबर व गोळ्यांबरोबर लागेल तेवढेच द्यावे. पायांना सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून आडवे व्हावे. दिवसभर पायांत उतरलेले पाणी रात्री आडवे झाल्यावर रक्तात परत येते आणि त्याचीच लघवी होते, ती थोडी दुपारीच होऊन जाते. लघवी वाढवणारी गोळी रात्री घेतली जात असेल तर ती सकाळी घेता येईल का हे आपल्या डॉक्टरांना विचारा. लग्नाला किंवा देवदर्शनाला जायच्या दिवशी ही गोळीही चुकवायची आणि पाणीही प्यायचे नाही, असा प्रकार मी फार पाहते. त्याऐवजी त्या दिवशी गोळीची वेळ बदलता येते, पण ते विचारून ठरवावे.

आता प्रमाणाकडे वळू. वृद्धांच्या पोषणाबाबत युरोपातील तज्ज्ञांनी दिलेली मार्गदर्शक पातळी अशी आहे: वयस्कर स्त्रीने दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषाने किमान २ लिटर पेये घ्यावीत. यात नुसते पाणी नव्हे, तर चहा, ताक, दूध, सरबत सगळे धरलेले आहे. जेवणातून मिळणारे पाणी यापेक्षा वेगळे. आपल्या आईंसाठी याचा अर्थ २०० मिलिलिटरचे आठ पेले असा होतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर जातो तेव्हा यात दोन-तीन पेल्यांची भर लागते. घरातली भांडी मात्र एकदा मोजून घ्या, कारण ‘पेला’ म्हणजे कोणाच्या घरी १५० मिलिलिटर तर कोणाच्या घरी ३०० असते, आणि आपल्याकडचा चहाचा कप अनेकदा ८० मिलिलिटरचाही भरत नाही.

बंधूंनी सुचवलेले ४ लिटर मात्र देऊ नका. निरोगी तरुण मूत्रपिंडे जास्तीचे पाणी सहज बाहेर टाकतात. वयस्करांची तितक्या वेगाने टाकू शकत नाहीत. त्यातही रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हा लघवी वाढवणारा घटक असेल तर शरीरातून सोडियम जात राहते, वरून नुसते पाणी ओतले की ते आणखी पातळ होते, आणि रक्तातील सोडियम १३५ या किमान पातळीच्या खाली घसरू लागते. त्याची लक्षणे म्हणजे थकवा, मळमळ, डोके जड होणे, तोल जाणे, असंबद्ध बोलणे. म्हणजेच पाणी कमी पडल्यावर दिसतात जवळपास तीच. कोणत्या बाजूला घसरले आहे हे रक्त तपासल्याशिवाय निव्वळ पाहून सांगता येत नाही. मागच्या एप्रिलमध्ये आईंचे सोडियम तपासले असेल तर तो कागद शोधून ठेवा. पुढच्या सल्ल्यासाठी तो फार मोलाचा आहे.

शेजाऱ्यांच्या सूचनेबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. पायाला सूज म्हणजे अंगात पाणी जास्त झाले, म्हणून पिण्याचे पाणी तोडा, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. अम्लोडिपिन ही रक्तदाबाची अतिशय प्रचलित गोळी आहे आणि घोट्यांभोवती सूज येणे हा तिचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. ही सूज बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी पायांच्या पेशींभोवती झिरपल्याने येते; पाणी जास्त प्यायल्याने येत नाही आणि कमी प्यायल्याने उतरतही नाही. पाय खाली सोडून तासन्‌तास खुर्चीत बसणाऱ्यांनाही अशी सूज येते. एकाच आजीच्या पायावर सूज आणि रक्तात पाण्याचा तुटवडा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. तेव्हा आईंची गोळी कोणती आहे ते आधी पाहा.

मात्र काही रुग्णांना पाणी खरोखरच मोजून द्यावे लागते: ज्यांचे हृदय कमजोर होऊन धाप लागते, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, ज्यांच्या पोटात यकृताच्या आजारामुळे पाणी होते, आणि ज्यांचे सोडियम काही कारणाने कमी राहते असे. त्यांच्यासाठी वरचे आकडे लागू नाहीत. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेला आकडा हाच त्यांचा आकडा. आईंच्या कागदांवर यातले काही नसेल तरच पुढचे सगळे वाचा.

काय द्यावे याबाबत सोलापूरकरांनी बाहेर पाहण्याची गरज नाही. ज्वारीची आंबील, ताकातल्या कण्या, हुलग्याचे माडगे, पातळ वरण, येसराची आमटी, टोमॅटोचे सार हे सगळे पाणी पोटात नेणारे पदार्थ आहेत आणि ‘पाणी पी’ न म्हणता ते देता येतात. आपल्या रोजच्या जेवणाची एक अडचणही आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे जेवण टिकाऊ आहे, चवीला उत्तम आहे, पण कोरडे आणि खारट आहे. दात नसलेल्या आजी ती भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून खातात तोवर ठीक; नुसत्या चटणी-तेलाशी खातात तेव्हा त्या जेवणातून पाणी जवळजवळ मिळत नाही. कलिंगड, काकडी यांत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. दुपारच्या कडक उन्हात एक वाटी कलिंगडाच्या फोडी नको म्हणणारी आजी मी क्वचितच पाहिली आहे. मधुमेह असेल तर वाटी मोजून द्यावी आणि रस काढू नये. पन्हे आणि सरबत यांत साखर किती पडते याकडेही लक्ष ठेवावे. नारळपाणी चांगले, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडांचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, लोसार्टन यांसारख्या पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर ते रोज देण्यापूर्वी विचारून घ्यावे.

चहाबद्दल आजींना उगाच अपराधी वाटायला लावू नका. चहाने अंगातले पाणी निघून जाते हा समज नेहमीच्या दोन-चार कपांना लागू होत नाही; चहातले बहुतेक पाणी शरीराला मिळतेच. संध्याकाळनंतरचा चहा झोप आणि लघवी या दोन्हींसाठी टाळावा, एवढेच.

पाण्याच्या चवीकडे घरातल्या तरुणांचे लक्ष जात नाही. बोअरचे पाणी खारट असेल, पिंपात चार दिवस साठलेल्या पाण्याला वास येत असेल, तर आजी कारण न सांगता पिणे कमी करतात. पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकलेल्या भांड्यात असावे, आणि माठ असेल तर तोटीचा, कमरेच्या उंचीच्या तिवईवर ठेवलेला असावा. वाकून ओगराळ्याने पाणी काढणे गुडघे-कंबर धरलेल्या माणसाला जमत नाही, आणि प्रत्येक वेळी सुनेला हाक मारणे त्यांना नको असते.

आता देण्याची पद्धत. ‘पाणी हवे का?’ असे विचारले की उत्तर ‘नको’ असेच येते. भरलेला पेला हातात द्यावा, आपलाही पेला घ्यावा आणि दोन मिनिटे शेजारी बसावे. रोजच्या घडणाऱ्या गोष्टींना पाणी जोडून टाकावे: उठल्यावर तोंड धुऊन झाले की एक पेला कोमट पाणी, गोळ्या घोटभर पाण्याऐवजी पूर्ण पेल्याबरोबर, देवपूजा आटोपल्यावर एक, अकराच्या सुमारास ताक, जेवताना अर्धा, दुपारची झोप झाल्यावर एक, चारच्या चहाआधी एक, आणि संध्याकाळी हरिपाठाला किंवा मालिकेला बसण्याआधी एक. एका वेळी पूर्ण तांब्या संपवायला लावू नये. पोट फुगते आणि पुढच्या वेळी त्या पेल्याकडे पाहतही नाहीत. हात थरथरत असतील तर पितळी तांब्या किंवा जड काचेचा ग्लास नको. दोन्ही बाजूंनी धरता येईल असा हलका, कानाचा, अर्धाच भरलेला मग द्यावा. बाटली द्यायची तर तिचे झाकण त्यांच्या बोटांनी उघडते का हे समोर पाहून घ्या.

आपल्याकडे भांडे ओठांना न लावता वरून पाणी पिण्याची रीत आहे. उतारवयात ती सोडून द्यायला सांगावी. मान मागे टाकून वरून धार सोडली की गिळण्याचा वेग मंदावलेल्या माणसाचे पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. ताठ बसून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घोट घ्यावेत. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, प्यायल्यावर आवाज ओलसर-घोगरा होत असेल, तर ती गिळण्याची अडचण आहे. ती तपासून घ्यावी लागते. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांत हे विशेष आढळते. अशा काही रुग्णांना पातळ पाण्यापेक्षा आंबिलीसारखे दाट पेय सुरक्षित गिळता येते, पण किती दाट ते तपासणीनंतर ठरवावे. झोपलेल्या किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी सोडणे कधीही करू नये. नातेवाईक हे प्रेमापोटी करतात आणि त्यातून न्युमोनिया होतो.

पाणी कमी पडते आहे हे ओळखायचे कसे? लहान मुलांमध्ये आपण चिमटीत कातडी धरून पाहतो. वृद्धांची त्वचा वयानेच सैल झालेली असते, त्यामुळे ही खूण निरुपयोगी आहे. लघवीचा रंगही पूर्ण भरवशाचा नाही, कारण बी जीवनसत्त्वाच्या गोळीने लघवी पिवळीजर्द होते, तर लघवीच्या गोळीने किंवा मधुमेहाने ती पाण्याचा तुटवडा असतानाही फिकट राहू शकते. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्यांची जीभ एरवीही कोरडी असते. म्हणून मी नातेवाइकांना एका खुणेवर विसंबू नका, ‘नेहमीपेक्षा वेगळे काय’ ते पाहा असे सांगते. काल हिशेब चोख सांगणारी आई आज नातवाचे नाव चुकते, दिवसा पेंगते, उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते, शौचाला खडा होतो, दिवसभरात एकदाच लघवी होते, हे बदल एकत्र दिसले तर डॉक्टरांकडे जावे. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर आधी आडवे असताना आणि मग उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजा. वरचा आकडा २० किंवा अधिकाने उतरला तर ते कळवण्याजोगे आहे. वजनकाटाही कामाचा आहे: एका दिवसात १ किलो वजन घटले तर ते चरबीचे नसते, सुमारे १ लिटर पाण्याचे असते. शंका असेल तेव्हा सोडियम, युरिया, क्रिएटिनिन आणि साखर एवढ्या साध्या तपासण्यांतून पुष्कळ कळते.

जुलाब, उलटी किंवा ताप आला की वेगळाच नियम सुरू होतो. अशा वेळी लघवीच्या गोळ्या, टेल्मिसार्टनसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहातील डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिन या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. स्वतःच्या मनाने थांबवू नका, पण त्याच दिवशी फोन करून विचारा, उद्यावर टाकू नका. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी या काळात अजिबात नको. लघवीची गोळी, टेल्मिसार्टन आणि वेदनाशामक हे तिन्ही एकत्र आले आणि अंगात पाणी कमी असले की मूत्रपिंडांना होणारा रक्तपुरवठा तीन बाजूंनी घटतो. गुडघे दुखतात म्हणून पाणी टाळायचे आणि त्याच गुडघ्यांसाठी वेदनाशामक घ्यायचे, हा योग सोलापुरात रोज जुळतो.

जुलाबात ओआरएस द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार १ लिटर पाण्यात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. मोठे पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घालावे, अर्धे पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने देऊ नये. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, इथे चमचा चहाचा. दुकानात खोक्यांत मिळणारी गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरू नये, असा आदेश भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये काढला. आणि जुलाब-उलटी नसताना रोजचे पेय म्हणून ओआरएस देऊ नका. रक्तदाबाच्या रुग्णाला त्यातले मीठ नकोच असते.

सलाईनबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण एप्रिल उजाडला की ‘आईला अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ ही मागणी सुरू होते. साध्या सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते, जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसभरासाठी आखून दिलेल्या ५ ग्रॅमच्या मर्यादेच्या जवळपास. तिच्यात ताकद देणारे काहीही नसते. ग्लुकोजच्या ५ टक्के बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण शंभर उष्मांक असतात, आणि तेवढे एका लहान भाकरीतून सहज मिळतात. तोंडाने घेणे शक्य नसेल, शुद्ध हरपत असेल, रक्तदाब पडला असेल तेव्हा सलाईन जीव वाचवते. तोंडाने पिऊ शकणाऱ्या आजीला मात्र ते लावण्यात फायदा नाही, आणि हृदय कमजोर असेल तर भराभर सोडलेल्या बाटलीने रात्री धाप लागू शकते.

उन्हाळ्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीतल्या वृद्धांना दुपारी खालच्या, सावलीच्या खोलीत आणावे. आपली हवा कोरडी असल्याने वाळ्याचे पडदे आणि कूलर इथे चांगले काम करतात. नुसता पंखा मात्र भर दुपारी गरम वारेच अंगावर टाकतो. ओल्या पंचाने हात, मान, चेहरा पुसून मग पंखा लावला तर अंग थंड होते. अंग तापून भट्टी झाले आहे, ताप ४० अंशांच्या आसपास आहे आणि माणूस बरळतो आहे किंवा हाकेला ओ देत नाही, तर तो उष्माघात समजावा. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत वाट पाहत न बसता अंगावर गार पाणी शिंपडा, ओली चादर टाका, वारा घाला. तोंडात पाणी घालू नका. क्रोसिनसारख्या तापाच्या गोळीचा यात उपयोग नसतो.

उपवासाचा विषय नाजूक आहे, पण टाळता येत नाही. एकादशी, चातुर्मास, श्रावणी सोमवार, रमजानचे रोजे यांत मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी निर्जळ राहू नये असे मी स्पष्ट सांगते. भांडण्याऐवजी घरातल्या आदराच्या व्यक्तीकडून सांगणे उपयोगी पडते. महाराज किंवा मौलवी यांपैकी कोणी ‘आजाऱ्याला सवलत आहे’ असे म्हटले की माझ्या चिठ्ठीपेक्षा ते अधिक ऐकले जाते. एकादशी-सोमवारच्या उपवासाला पाणी आणि ताक चालते ना, मग ते नेहमीच्या वेळांना चुकवायचे नाही एवढे ठरवून घ्यावे.

विस्मरणाचा आजार असलेल्यांना पाणी प्यायलो की नाही हेच आठवत नाही. त्यांच्यापुढे रंगीत, उठून दिसणाऱ्या पेल्यात पाणी ठेवावे आणि प्रत्येक वेळी कोणीतरी सोबत बसावे. दुसरा उपाय नाही.

आपण आता असे करा. पुढचे तीन दिवस स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावा आणि आई काय, किती आणि कधी प्यायल्या, लघवीला दिवसा व रात्री किती वेळा गेल्या, हे घरातल्या एकाच व्यक्तीने लिहावे. ‘दोन-तीन पेले’ हा आपला अंदाज अनेकदा चुकतो; चहा, आमटी, ताक धरले तर आकडा बराच वर जातो, किंवा पेले भरलेले दिसले तरी अर्धे मोरीत ओतलेले निघतात. तो कागद, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, गुडघ्यासाठी परस्पर आणलेल्या गोळ्यांसह, आणि मागच्या एप्रिलचे अहवाल घेऊन आपल्या डॉक्टरांकडे मार्च संपण्याआधी जा. सोडियम, युरिया, क्रिएटिनिन आणि साखर एकदा करून घ्या, आडवे व उभे असतानाचा रक्तदाब मोजायला सांगा, आणि उन्हाळ्यापुरता रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळीचा डोस कमी करता येईल का हे विचारा. घामाने रक्तदाब थोडा उतरतो, त्यामुळे काही रुग्णांना एप्रिल ते जून कमी डोस पुरतो. मागच्या वर्षीची चक्कर त्यातलीच होती का, हे त्या कागदांवरून बहुधा कळेल.